बाहेरची प्रार्थना

अंतराने दोन्ही हात कानांपाशी नेले, तिथून काहीतरी अलगद उचलून मांडीवर ठेवलं, फ्रॉकच्या टोकाने आधी उजवा डोळा पुसला, मग डावा, मग कपाळ, आणि मांडीवरचं ते काहीतरी पुन्हा उचलून नाकावर बसवलं. मग पांढऱ्या रश्शाची वाटी पुढे ओढून ती जेवायला लागली. अंतरा माझी नात, पाच वर्षांची. तिला चष्मा नाही. चष्मा मला आहे, आणि मीही नुकताच तो काढून, पुसून पुन्हा नाकावर बसवला होता. शाहूपुरीतल्या मागच्या गल्लीतली ती खानावळ दुपारच्या वेळी जशी असते तशी भरलेली होती, मालक गल्ल्यावरून भाकरी भाकरी म्हणून ओरडत होता, शेजारच्या टेबलावरचा माणूस हाडाशी झटत होता, आणि या सगळ्यात मला एकट्यालाच काहीतरी पडून फुटल्यासारखं वाटलं. मी तिला विचारलं, हे काय केलंस?

"प्रार्थना," ती म्हणाली.

"अशी?"

"ही बाहेरची. घरची डोळे मिटून करायची, बाहेरची चष्मा काढून."

घरातल्या चपला वेगळ्या आणि बाहेरच्या वेगळ्या, हे सांगावं अशा सुरात तिने ते सांगितलं. तिच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हतं. तिने ते माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं, नीट लक्ष देऊन, एकही पायरी न चुकवता. कपाळ पुसायलासुद्धा ती विसरली नव्हती. मी तांबड्या रश्शात भाकरी कुस्करली आणि ती बराच वेळ तशीच बोटांत धरून बसलो. खानावळवाला येऊन विचारून गेला की काका, मीठ कमी हाय काय.

आता हे सांगायलाच हवं. मी शांतवन केरबा, राहणार कोल्हापूर, मूळचा कोडोलीचा. आमच्या घरात येशूचं नाव माझ्या आजोबांपासून आहे. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो. ऑफिसात मला सगळे एसके म्हणायचे, कारण मी पहिल्या दिवसापासून सगळीकडे एस. के. एवढंच लिहिलं. पूर्ण नाव लिहिलं की माणसं वर बघतात, मान थोडी तिरकी करतात आणि विचारतात, म्हणजे तुम्ही... एस. के. लिहिलं की कोणी वर बघत नाही. जेवणाआधी प्रार्थना करायची ही मात्र लहानपणापासूनची सवय. ती सोडणं मला कधी जमलं नाही आणि चारचौघांत करणंही जमलं नाही. त्यातून मी ही वाट काढली. डब्याचं झाकण उघडलं की डाव्या हाताने चष्मा काढायचा, उजव्या हाताने खिशातला रुमाल. उजवी काच पुसताना स्वर्गातल्या बापाला हाक मारायची, डावी काच पुसताना अन्नाबद्दल आभार मानायचे, कपाळावरून रुमाल फिरवताना येशूच्या नावाने मागतो म्हणायचं आणि चष्मा घालताना आमेन. सगळं मिळून सात सेकंद. यात देवाचं काही राहत नाही आणि माणसांना काही कळत नाही, असा माझा हिशेब होता. खरं तर मला या शोधाचा थोडा गर्वच होता. त्याहून खरं म्हणजे, पहिला चष्मा लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की नंबर अगदी किरकोळ आहे, वाचण्यापुरता वापरा. मी दिवसभर वापरायला लागलो. आज नंबर इतका वाढलाय की काढला तर समोरचा माणूस आहे की खांब आहे हे सांगता येत नाही, म्हणजे निदान आता तरी तो चष्मा खोटा राहिलेला नाही.

खानावळीतून निघालो तेव्हा अंतराने माझं बोट धरलं होतं आणि ती रस्त्यावरच्या किल्ल्यांबद्दल बोलत होती, कारण दिवाळीची सुट्टी होती आणि पोरांनी केलेले मातीचे किल्ले अजून दारोदार उभे होते. मी हुं हुं करत होतो. माझ्या डोक्यात आमटी होती. पन्नास वर्षांपूर्वीची, गार झालेली, वर साय धरलेली आमटी. कोडोलीत गणपतराव म्हणून एक मोठे शेतकरी होते, त्यांच्या मुलीच्या लग्नाची ती पंगत. माझे वडील, केरबा, गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्या मुलीच्या टायफॉइडमध्ये त्यांनी तिची फार सेवा केली होती, म्हणून गणपतरावांनी आम्हाला मानाने पंगतीत बसवलं आणि म्हणाले, केरबा, तुमच्या देवाला बी सांगा की दोन शब्द. ते बोलण्याच्या भरात म्हणाले असतील. वडिलांनी ते खरं धरलं. ते उठून उभे राहिले, दोन मिनिटं मंडळी म्हणाले, आणि डोळे मिटले. वडिलांची दोन मिनिटं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. त्यांनी नवरा-नवरीसाठी मागितलं, आचाऱ्यांसाठी मागितलं, लाकडं वाहून आणणाऱ्या बैलांसाठी मागितलं, पावसासाठी मागितलं, दवाखान्यात तापाने पडलेल्या माणसांची एकेक नावं घ्यायला सुरुवात केली. मी दहा वर्षांचा होतो. मी एक डोळा उघडून बघितलं. शंभर-सव्वाशे माणसं पत्रावळीसमोर हात आखडून बसली होती. समोरच्या रांगेतला एक फेटेवाला शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पावडरीचं किरिस्ताव. आटपा म्हणावं त्येला, आमटीवर साय धरली." दुष्काळाच्या त्या वर्षात मिशनच्या दवाखान्यातून पोरांना दुधाची पावडर मिळायची, तिच्यापायी आम्ही ख्रिस्ती झालो असा तो टोमणा होता. आणि पंगत हसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हसणं पसरत गेलं, ते मला अजून ऐकू येतं. वडिलांनाही ऐकू गेलं असणार, कारण ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, आणि बापा, ज्यास्नी लई भूक लागलीया त्येंच्यासाठी बी मागतो. मग ते नावांकडे परत वळले.

घरी जाताना मी रडत होतो. वडिलांनी विचारलं काय झालं, मी फेटेवाल्याचं बोलणं सांगितलं, तर ते म्हणाले, "त्येला बोलायचं हुतं, मला पराथना करायची हुती. दोगांचं बी झालं. मग समदी जेवली. तू रडतोस कशाला?" मी म्हटलं, पण त्यांची आमटी गार झाली. यावर ते गंभीर झाले. व्हय, ते तेवढं वाईट झालं, म्हणाले, पुढच्या टायमाला आटपतं घेतो. त्यांनी पुढे आयुष्यभर कधीही आटपतं घेतलं नाही. पण शाळेत मला पुढची दोन वर्षं सगळे पावडर म्हणायचे, आणि मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं की माझ्या देवापायी कुणाची आमटी गार होऊ द्यायची नाही. वडील त्या पंगतीतून जेवून उठले. मी मात्र त्या पंगतीत बसूनच राहिलो, डबा उघडताना, लग्नात, बारशात, हॉटेलात, जिथे जिथे चार ताटं मांडली तिथे तो फेटेवाला माझ्यासमोर बसलेला असायचा. बिचारा केव्हाच वारला असेल.

संध्याकाळी हंबीररावांचा फोन आला. हंबीरराव आमच्याच खात्यातले, गाव राधानगरीच्या अलीकडे, घरची भातशेती, ऊस आणि म्हशी. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी आमचं रस्सा मंडळ काढलं. कोल्हापुरात चार माणसं जमली की एक तर तालीम निघते नाहीतर रस्सा मंडळ निघतं. दिवाळीनंतरच्या एखाद्या बुधवारी आम्ही सगळे त्यांच्या रानात जायचं, तिथेच चुली मांडायच्या, खात्यात ड्रायव्हर असलेल्या बाळासोंनी मटण करायचं आणि खोपीसमोर पंगत मांडून जेवायचं. आता सगळेच पेन्शनर झालो, पण मंडळ चालू आहे. वाढून झालं की हंबीरराव रांगेवरून एकदा नजर फिरवतात आणि "हं, चला" म्हणतात, की हात ताटात जातात. त्या ‘हं, चला’च्या आत माझे सात सेकंद मला बसवावे लागत. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही. मी चष्मा नाकावर बसवला की हंबीररावांचं ‘हं, चला’ आलंच, इतकं माझं टायमिंग नेमकं. याचंही मला मनातल्या मनात कौतुक होतं. तर हंबीरराव फोनवर म्हणाले, ह्या बुधवारी करूया, आणि एसके, अवंदा नातीला आणा, म्हशीला रेडकू झालंय, पोरगी बघंल. अंतरा शेजारीच होती. रेडकू हा शब्द तिला ऐकू गेला आणि विषय संपला.

म्हणजे बुधवारी पंगतीत अंतरा माझ्या शेजारी बसणार होती. ती माझ्याकडे बघणार होती, आणि मी जे करीन तेच ती कायमचं शिकणार होती. चष्मा काढला तर तिच्या मनात पक्कं होईल की देव घरात ठेवायचा असतो, बाहेर नेताना तो रुमालात गुंडाळून न्यायचा असतो. मी असा घाबरट आहे हे मला बरं वाटत नव्हतं, पण त्याची सवय झाली होती. ती घाबरट व्हावी, आणि माझ्यामुळे व्हावी, हे मात्र माझ्या छातीत टोचायला लागलं.

माझी बायको श्यामला, भगिनी मंडळाच्या प्रार्थनासभेतून परत आली. शुक्रवारी तिची ही सभा असते म्हणूनच मी आणि अंतरा बाहेर जेवतो. ती निवृत्त नर्स आहे आणि देवाच्या बाबतीत तिला कसलाही संकोच नाही. एसटी स्टँडवर वडा खातानासुद्धा ती डोळे मिटते. एकदा त्यात तिची पिशवी गेली. पुढच्या वेळी तिने पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. चहा पिता पिता मी तिला सगळं सांगितलं, अंतराने काय केलं ते, चष्म्याचं, किरकोळ नंबराचंसुद्धा. चाळीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा सांगत होतो. ती आधी खूप हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाटायचं तुमच्या डोळ्यांना धूळ बाधते, म्हणाली. मग मी म्हटलं, देव समजून घेतोच ना, त्याला काय, त्याला सात सेकंदही पुरतात. तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"देव घेईल हो समजून," ती म्हणाली. "पोरगी समजून घेणार न्हाय. ती शिकणार."

एवढं बोलून ती भाजी निवडायला गेली. तिची ही जुनी रीत. इंजेक्शन द्यायचं आणि पुढच्या पेशंटकडे जायचं.

रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती. इथे मला कबूल केलं पाहिजे की वाचकाच्या मेजामागे मी वाघ असतो. आवाज माझा वडिलांचा आहे, शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय जातो, आणि उपासनेनंतर लोक हात मिळवून म्हणतात, एसके, आज वचन अंगावर आलं. जिथे सगळे आपलेच, तिथे मी वाघ. त्या रविवारचा पाठ पाळकसाहेबांनी नेमून दिला होता, मी निवडला नव्हता. प्रभूला धरून नेलं आहे, रात्र थंड आहे, अंगणात शेकोटी पेटली आहे, आणि त्याचा तो शिष्य, तोच जो सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलायचा, शेकत बसला आहे. एक दासी त्याला बघते आणि म्हणते की तूही त्याच्याबरोबर होतास. आणि तो म्हणतो की मी नाही. हा उतारा मी आयुष्यात पन्नास वेळा तरी वाचला असेल आणि प्रत्येक वेळी त्या शिष्याची मला थोडी कीवच आली होती. त्या दिवशी ‘दासी’ या शब्दापाशी मी अडखळलो. मी चष्मा काढला, पुसला आणि पुढे वाचलं. पहिल्या बाकावर अंतरा आजीला चिकटून बसली होती, तिने लगेच हात कानांकडे नेले. श्यामलाने तिचे हात धरून खाली घेतले आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

पाळकसाहेब तरुण आहेत, कबनूरला वाढलेले, मागाच्या खडखडाटात मोठे झाल्यामुळे जोरात बोलतात. ते म्हणाले की बघा, त्या शिष्याला शिपायाने विचारलं नव्हतं, तलवार कुणी काढली नव्हती. एका मोलकरणीने साधा प्रश्न विचारला आणि एवढा धिप्पाड कोळी गडी मोडला. माणूस मारापेक्षा बोलण्याला जास्त भितो. मला वाटलं आता हे आम्हाला झापणार. मी बाकावर अंग चोरून बसलो. पण ते म्हणाले की पुढे काय झालं ते विसरू नका. प्रभू मरणातून उठल्यावर त्या शिष्याला भेटला तेव्हा त्याने त्याला झापलं नाही. तळ्याच्या काठी निखारे पेटवून, त्यांवर मासे भाजून ठेवले होते आणि या, न्याहारी करा, म्हणाला. पाळकसाहेब थांबले, हसले आणि म्हणाले, ज्याने तुम्हाला जेवायला बोलावलंय त्याच्याकडे बघत जेवा, पंगतीत कोण काय म्हणतंय ते त्यांच्याजवळ राहू द्या. बाहेर पडताना मी त्यांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत त्या निखाऱ्यांवरच्या माशांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मला फक्त शेकोटी दिसत होती. घरी येताना मला फार हलकं वाटत होतं, आणि रस्त्याने मी अंतराला उगीचच दोन जिलेब्या घेऊन दिल्या.

हलकं वाटणं सोमवारपर्यंत टिकलं. मंगळवारी मी पळवाटा शोधायला लागलो. चष्मा घरीच विसरून जावं, असं एकदा वाटलं. हात धुवायच्या निमित्ताने अंतराला विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यापाशी न्यावं आणि तिथेच दोघांनी डोळे मिटावेत, असंही वाटलं. शेवटी नेहमीसारखा चष्मा लावून, खिशात रुमाल घालून बुधवारी सकाळी हंबीररावांच्या जीपमध्ये बसलो. ऊस दोन्ही बाजूंनी उभा होता, भाताची कापणी उरकत आली होती, ऊन कोवळं होतं. अंतरा माझ्या मांडीवर बसून पुढच्या काचेतून बघत होती आणि मला वाटलं, आपण किती सुखी माणूस आहोत, आणि एवढ्या सुखी माणसाला एका पंगतीची धास्ती वाटावी हे किती हसण्यासारखं आहे. मी खरंच हसलो. हंबीररावांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं काही नाही.

रानात पोचलो तेव्हा बाळासोंनी चुली पेटवल्या होत्या आणि कांदा-खोबरं भाजल्याचा वास उसात शिरला होता. अंतराने रेडकाला हात लावला, रेडकाने तिचा हात चाटला, आणि पुढचे दोन तास ती आम्हाला दिसली नाही. एक वाजता खोपीसमोर ताडपत्र्या अंथरल्या. बावीस ताटं. हंबीररावांचे मेहुणे धैर्यशील कबनूरहून पहिल्यांदाच आले होते, ते नेमके माझ्या समोर बसले, झुबकेदार मिशा, डोक्याला टॉवेल बांधलेला. मी त्या टॉवेलाकडे बघतच राहिलो. माणूस बदलतो, फेट्याचा टॉवेल होतो, समोरची जागा तीच. अंतरा येऊन माझ्या उजव्या हाताला बसली, गोठ्याचा वास घेऊन. भाकरी आली, सुकं आलं, तांबडा आला, पांढरा आला. वाढपी रांगेच्या टोकाला पोचला. अंतराने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, सुटे, तयार. कानांकडे जायचं की एकमेकांत गुंफायचं हे तिने अजून ठरवलं नव्हतं. ती मला विचारतच होती, फक्त बोलत नव्हती.

माझा डावा हात आपोआप वर निघाला होता. तो चष्म्याच्या दांडीला लागला. तिथून तो मी खाली आणला. हे करायला किती वेळ लागला कोण जाणे, मला तो फार मोठा वाटला. मी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, हे स्वर्गातल्या बापा. पापण्यांच्या आत ऊन तांबडं दिसत होतं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, चुलीत लाकूड तडकल्याचं, रश्शाच्या बादलीची कडी खाली पडल्याचं, आणि मग काहीच नाही. मी अन्नाबद्दल आभार मानले. बाळासोंच्या हातासाठी, हंबीररावांच्या रानासाठी, म्हशीसाठी आणि रेडकासाठी मागितलं. आणि तेव्हा समोरून आवाज आला.

"पावणं, डोळा लागला काय?"

आणि हसणं. एकट्याचंच, पण मोठं. आता डोळे उघडावेत, हसून चष्मा पुसावा, काय सांगायचं साहेब, धूर गेला डोळ्यात, म्हणावं. सगळं तयार होतं, शब्दांसकट. अंतराचा खांदा माझ्या दंडाला लागलेला होता, तो जराही हलला नाही. मी डोळे उघडले नाहीत. मला वडिलांची आठवण झाली, अगदी जवळून, त्यांच्या शर्टाच्या औषधी वासासकट, आणि त्यांनी त्या दिवशी जे मागितलं ते रागाने मागितलं नव्हतं हे मला पहिल्यांदा कळलं. त्यांना खरंच त्या माणसाची भूक दिसली होती. मी म्हणालो, आणि बापा, आमचे नवे पाहुणे लांबून आले आहेत, त्यांना भूक लागली आहे, त्यांना पोटभर मिळू दे. येशूच्या नावाने मागतो. अंतरा एवढ्या मोठ्याने आमेन म्हणाली की खोपीवरचा कावळा उडाला.

मी डोळे उघडले. काही झालं नव्हतं. धैर्यशील मिशीवरून हात फिरवत होते, थोडे ओशाळले होते. हंबीररावांनी रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हं, चला." हात ताटात गेले. मी पहिला घास खाल्ला आणि मला असं वाटलं की हे मटण मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा खातोय. अंतराचं लक्ष नळीच्या हाडात होतं. तिच्यासाठी त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच, आजोबांनी प्रार्थना केली, झालं. मी वाटी तोंडाला लावली. रस्सा चुलीवरून थेट आलेला होता, दोन्ही काचांवर एकदम वाफ धरली, समोरचं सगळं पांढरं झालं. मी वाटी ठेवली, चष्मा काढला, खिशातला रुमाल काढला आणि काचा पुसायला लागलो.

पंगतीतला आवाज थांबला. भाकरी मोडल्याचा, भुरके मारल्याचा, बोलण्याचा, सगळा. मला वाटलं साप वगैरे निघाला. चष्म्याशिवाय मला नुसते ठिपके दिसत होते. घाईघाईने चष्मा चढवला आणि बघितलं. बाळासोंचा हात ताटावर थांबलेला होता. त्यांच्या पलीकडच्यांनी घास तोंडापाशी नेऊन परत ताटात ठेवला होता. हंबीरराव भाकरीचा तुकडा बोटांत धरून शांत बसले होते. वीसेक माणसं, सगळी हात आखडून, सगळी माझ्याकडे बघत होती. एकटे धैर्यशील तेवढे खात होते आणि इकडेतिकडे बघत त्यांनीही चावणं थांबवलं.

"काय झालं? थांबलासा का?" मी विचारलं.

"तुमची पराथना व्हायची हाय नव्हं," हंबीरराव म्हणाले.

"मघाशीच झाली की. सगळ्यांसमोर केली."

"मग चष्मा कशाला काढला?"

"वाफ धरली हो."

हंबीररावांनी मान हलवली. "आमाला काय म्हाईत," ते म्हणाले. "एसके सायबांनी चष्मा काढला की थांबायचं, घातला की चला म्हणायचं. पयल्या वर्सापासनं आमाला एवढंच ठावं हाय."

बाळासो म्हणाले की ऑफिसात डबा खातानाबी तसंच हुतं की, आणि पुन्हा ताटाकडे बघायला लागले, जणू यात सांगण्यासारखं काही नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. इतकी वर्षं ही माणसं माझ्यासाठी घास हातात धरून थांबत होती, आणि मी चष्मा काढल्यामुळे मला ती कधी दिसलीच नव्हती. मी काही लपवलं नाही, रुमाल हातात होताच, चष्म्याखालून डोळे पुसले. या खेपेला खरे डोळे पुसले. अंतराने माझ्याकडे बघितलं, मग हाड खाली ठेवून शहाण्यासारखे हात जोडले आणि वाट बघत बसली. सगळेच वाट बघत होते. चष्मा माझ्या नाकावर होता आणि हंबीरराव तोंडातून शब्द काढत नव्हते.

"हं, चला," मीच म्हणालो.

हात ताटात गेले. रस्सा अजून गरम होता.